गप्प बसायला पेठला

पेठ नाशिकपासून फार लांब नाही, आणि तरी आमच्या कॉलनीतलं कुणी तिकडे हौसेनं गेलेलं मला माहीत नाही. लोक सापुताऱ्याला जातात, वणीला जातात, तिथून फोटो पाठवतात. पेठला जायचं तर काहीतरी काम लागतं. आमचं काम असं होतं की नवऱ्याला त्या डोंगरात कायमचं राहायला जायचं होतं, आणि मला तिथे राहणं जमेल का, हे आठवडाभरात ठरवायचं होतं.

वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मी मेन रोडच्या साड्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं गादीवर बसून साड्या विकल्या, आता ते सोडलं. सहावारी साडी नऊवारी वाटेल अशी उलगडून दाखवायची माझ्या जिभेला सवय. तेव्हा पुढे सांगेन त्यातलं थोडं आकसेल, सुती साडी पहिल्या धुण्यात आकसते तेवढं. रंग जाणार नाही, ही गॅरंटी.

नाशिक, निघण्याआधी

आमचे हे, मधुकरराव, बँकेत कॅशिअर होते. काचेमागे बसून यांनी उभ्या जन्मात जगाशी "पुढचे या" एवढंच संभाषण केलं, असं मी चारचौघांत सांगते आणि तेही ऐकून हसतात. रिटायर झाल्यावर एका सकाळी पेपरची घडी घालून म्हणाले, "शैला, मला आता शांतता हवी."

घरात आम्ही दोघं. मुलगी पुण्यात. टीव्ही बंद. खालच्या मजल्यावरचा कुत्रासुद्धा झोपलेला. मग शांतता हवी ती नेमकी कुणापासून? भाजीवाल्याला त्याच्या मेव्हण्याच्या ऑपरेशनबद्दल खोदून खोदून विचारणारी मी, पण हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

बँकेत ह्यांच्याबरोबर गावितभाऊ होते. ते आता मुलाकडे नाशिकला असतात. पेठच्या पुढे बोरपाड्याला त्यांच्या वडिलांचं घर रिकामं पडलेलं. "राहा की साहेब," ते म्हणाले, "घराला माणूस लागतं. हवी तेवढी वर्षं राहा." ते सहज बोलले आणि ह्यांनी मनात सामानाची बांधाबांध सुरू केली. तेवढ्यात समोरच्या कुलकर्णींना कळलं. त्यांची मुलगी आणि जावई भाड्याचं घर शोधत होते. "तुमचं घर आम्हालाच द्या वहिनी, पुढच्या रविवारपर्यंत नक्की सांगा," म्हणाले, आणि शुक्रवारी टेप घेऊन माझ्या हॉलच्या खिडकीची मापं काढून गेले. पडद्यांसाठी! मी त्या खिडकीत उभी असताना.

लेकीला फोन केला. मीनल एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात आहे, तिला माणसं मोजायची सवय. तिनं आम्हा दोघांना फोनवर एक टेस्ट पाठवली. तुम्ही इंट्रोव्हर्ट की एक्स्ट्रोव्हर्ट. पहिलाच प्रश्न, "अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला आवडतं का?"

"आवडतं काय अगं," मी म्हटलं, "पगार मिळायचा त्याचा."

"आई, हो किंवा नाही सांग."

मी हो म्हटलं. ह्यांनी सगळीकडे नाही म्हटलं. निकाल आला. बाबा पक्के इंट्रोव्हर्ट, आई एक्स्ट्रोव्हर्ट, तीसुद्धा अशी की मीनल म्हणाली, काटा तुटायचाच बाकी होता. "आई, बाबा तिथे फुलतील. तू मात्र आठ दिवसांत भिंतींशी बोलायला लागशील. एकदा जाऊन राहून बघा, मग ठरवा."

दिवस संक्रांतीनंतरचे. मला हळदीकुंकवाची इतकी आमंत्रणं होती की सगळीकडे गेले असते तर वाणातल्या डब्यांवर अख्खं भांड्यांचं दुकान निघालं असतं. दरवर्षी मीच प्रत्येक घरी जाऊन बायकांना बोलती करते. मी नसले तर म्हणे बायका साबुदाण्याची खिचडी खाऊन गुपचूप निघून जातात. या वेळी "पेठला चाललेय" म्हटल्यावर कुलकर्णी वहिनींचा चेहरा पाणी गेलेल्या नळासारखा झाला. मला वाईट वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

सावळघाट

एसटीत ह्यांना खिडकी दिली. ते उघड्या डोळ्यांनी झोपू शकतात. माझ्या शेजारी करंजाळीचे एक आजोबा बसले. घाट सुरू होईपर्यंत मला त्यांच्या तिन्ही सुना माहीत झाल्या होत्या, आणि घाट संपेपर्यंत मी मागच्या सीटवरच्या दोघांची लग्नं जुळवली होती, त्यातलं एक मोडलंही. वळणावर वळणं. खाली कापणी झालेली भातखाचरं, गवताच्या उडव्या, पानं गळून हाडं मोकळी पडलेले साग. आंब्याला मोहोर आलेला. हे सगळं मी नंतर, परत येताना पाहिलं. जाताना मला बोलायचं काम होतं.

पेठला उतरले तेव्हा असं वाटलं की बस मीच ओढत आणली. आजोबा उतरताना म्हणाले, "बाई, लय करमलं तुमच्यासंगं." मी हसले, आणि ते वळल्यावर स्टँडवरच्या बाकावर मटकन बसले. गुडघे दुखत होते म्हणावं तर मी घाट काही चालून चढले नव्हते.

पुढे काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरच्या मांडीवर सोडून सगळीकडे माणसं होती. माझी तिळगुळाची पिशवी एका बाईच्या शेळीच्या तोंडासमोर आली. मी उतरून बघते तर पिशवीत तिळगूळ नाही, आणि शेळी इतकी गोड चेहऱ्यानं बघत होती की आता बोलेल असं वाटलं. "घे बाई," मी तिला म्हटलं, "तू तरी गोड बोल."

बोरपाडा

घर मातीच्या भिंतींचं, कौलारू, पुढे शेणानं सारवलेला ओटा. शेजारी गावितभाऊंचा धाकटा भाऊ काशिनाथ आणि त्याची बायको सोनीबाई. पाड्यावर निम्मी घरं बंद. तरणी माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेली, ती आता उन्हाळ्यात परतणार. मागे राहिलेली थोडी बाया-माणसं, कोंबड्या आणि थंडी. थंडी अशी की सकाळी मी तोंड उघडलं तर शब्द बाहेर पडून ओट्यावर गोठायचे.

सोनीबाईनं पहिल्या दिवशी जेवायला बोलावलं. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाच्या घट्ट आमटीसारखं भुजं, खुरासणीची काळी चटणी, लाल भात. नागलीची भाकरी मला आधी तव्याच्या रंगाची वाटली, आणि मग मी तीन खाल्ल्या. वर्णन करायला तोंड उघडलं, "सोनीबाई, ही चटणी तुम्ही नाशिकला विकलीत ना, तर गंगापूर रोडवर रांगा लागतील, पोलीस बोलवावे लागतील..." सोनीबाई आणि काशिनाथ दोघंही माझ्याकडे बघत राहिले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काशिनाथनं माझ्या ताटात चटणी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथ आला. ओट्यावर बसला. मी पाणी दिलं, चहा दिला. तो बसला. मी विचारलं, शेती किती. "आहा थोडी." पाऊस कसा झाला? "झाला." मुलं? "बागंवर." आता आमच्या नाशिकमध्ये घरी आलेला माणूस गप्प बसला तर दोनच अर्थ होतात. एक तर त्याला पैसे मागायचे आहेत, नाहीतर तुम्ही त्याला लग्नाला बोलवायचं विसरलात. मी मनातल्या मनात आमची सगळी लग्नं तपासली. मग मी त्याला मेन रोड सांगितला, गोदावरीचा पूर सांगितला, रविवारची मिसळ सांगितली, दुकानात आलेल्या एका नवरीनं चारशे शालू बघून शेवटी रुमाल कसा घेतला तेही सांगितलं. (शालू चाळीस असतील.) तो ऐकत होता. मग उठला, "जातो," म्हणाला, आणि गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी घामाघूम. थंडीत!

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "हा माणूस रोज येतो आणि आपल्याला बघून जातो. आपण काय पिक्चर आहोत?"

हे दाढी करत होते. "मला पेठला जायचंय," म्हणाले, "मीठ संपलंय."

मीठ होतं. मी स्वतः आणलं होतं. पण ज्या माणसाला शांतता हवी त्याला आणखी शांतता हवी असेल, म्हणून मी बोलले नाही. ते जीपनं गेले ते चार वाजता आले. दुसऱ्या दिवशी काडेपेटी संपली. त्याच्या पुढच्या दिवशी बॅटरीचे सेल. रोज जाणं, रोज संध्याकाळी येणं. माझ्या मनात तेच फिरत राहिलं. आख्खा डोंगर दिला तरी माणसाला पुरेना, इतकी का मी आवाज करते?

सोनीबाई विहिरीवर भेटली तेव्हा मी विचारलं, "काशिनाथभाऊ रागावलेत का आमच्यावर?"

"कशाला?"

"रोज येतात, काही बोलत नाहीत."

"भेटाय येतो तो."

"अहो पण बोलत नाहीत ना!"

तिनं हंडा डोक्यावर ठेवला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भेटाय येतो म्हंजे बसाय येतो. बोलाचं काय आसलं तर बोलंल की. तुमचं तोंड नाय दुखत का, बाई?"

मला हसू आलं, आणि लगेच रडूही यायला लागलं. ते मी पदरात दाबलं. सव्वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

हळदीकुंकू

तरी खोड जाते का? मी ठरवलं की इथेही हळदीकुंकू करायचं. वाणाला चहाच्या गाळण्या आणल्याच होत्या. सोनीबाईकडून सगळ्या पाड्याला सांगावा दिला. चार वाजता या. चार वाजता कुणी आलं नाही. पाचला नाही. उन्हं कलली, बायांची कामं उरकली आणि मग सगळ्या एकदम आल्या, म्हाताऱ्या, मधल्या, एक पोटुशी. काशिनाथही येऊन बसला. कुणाला कुंकू लावायचं आणि कुणाला नाही, हा शहरातला हिशेब इथे मला करता येईना, कुणाचा नवरा आहे नि कुणाचा नाही मला काय ठाऊक! ताट घेतलं आणि ओळीनं सगळ्यांना लावलं. काशिनाथलाही. त्यानं कपाळ पुढे केलं.

मग मी उभी राहून म्हटलं, "आता एकेकीनं नाव घ्यायचं!" उखाणा, हो. आमच्याकडे यावरच दोन तास जातात. कुणी हललं नाही. मी म्हटलं, लाजताहेत, आपणच सुरुवात करू.

"सावळघाटात वळणावर वळण, मधुकररावांच्या नशिबी माझं रोजचं दळण!"

एका म्हातारीनं खोकून घेतलं. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. एक भाताचा, एक द्राक्षांचा, एक शेळीचासुद्धा. नाशिकमध्ये एवढ्यावर बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या असत्या. इथे त्या बघत होत्या, नीट, आदरानं, पाऊस थांबायची वाट बघावी तशा. मी पुढचा सुरू केला, "गोदावरीच्या घाटावर..." आणि पुढचं आलंच नाही.

तोंड उघडं, आणि आत काही नाही. गादीवर बसायचे तेव्हा असं व्हायला लागलं की मी "आतून माल आणते" म्हणून गोडाऊनमध्ये जायची. तिथे गठ्ठ्यांच्या दोन रांगांमध्ये कपाळ टेकून उभी राहायची. नव्या कापडाचा खळीचा वास, अंधार, कुणी नाही. मग एक गठ्ठा उचलून हसत बाहेर. मालक म्हणायचा, शैलाताई, तुमच्या तोंडावर दुकान चालतं. कधी कधी मी दिवसातून दहादा माल आणायची. मालकाला वाटायचं, काय उत्साह आहे!

इथे गोडाऊन नव्हतं. मी ओट्यावर खाली बसले. म्हटलं आता या उठतील, तोंडं फिरवतील, म्हणतील शहरातल्या बाईला यजमानीण होता येत नाही.

कुणी उठलं नाही. सोनीबाई आत जाऊन माझ्या तांदळाचा डबा आणि सूप घेऊन आली आणि पाखडायला बसली. दुसरीनं खडे वेचायला घेतले. पोटुशी भिंतीला टेकून बसली आणि तिनं पाय पसरले. म्हातारी माझ्याशेजारी सरकली, थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, तिला झोप लागली. सुपाचा आवाज, कोंबड्यांची कुरकुर, कुठूनतरी चुलीचा धूर. मी मान हलवली नाही. मला वाटलं होतं मी आता मरेन, म्हणजे शरमेनं. तसं काही झालं नाही. किती वेळ बसलो सांगता येत नाही. अंधारून आलं तसं एकेक बाई "जाते" म्हणत उठली, गाळण्या घेऊन. म्हातारीला उठवावं लागलं.

सोनीबाई डबा परत देताना म्हणाली, "झाक झालं."

इतकी वर्षं हळदीकुंकवं केली. घरी येऊन मी दरवेळी पडदे ओढून उताणी पडायची, डोक्याला बाम. त्या संध्याकाळी मी स्वयंपाक केला.

हे तोवर आले नव्हते, रात्री उशिरा आले. जीप चुकली म्हणे.

पेठचा बाजार

दुसऱ्या दिवशी पेठचा आठवडे बाजार होता आणि रविवार जवळ आलेला. कुलकर्णींना उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं, आज विचारायचंच. हे सकाळीच गेलेले, या वेळी कारणच सांगितलं नव्हतं. मी सोनीबाईबरोबर मागच्या जीपनं गेले. जीपमध्ये चार नव्या बाया होत्या. मी कुणाचंही लग्न जुळवलं नाही.

बाजारात सुकट, मिरच्या, बांबूच्या टोपल्या, नायलॉनच्या साड्या. त्या साड्यांकडे मी धंद्याच्या डोळ्यानं बघून नाक मुरडलं. आणि साड्यांच्या पालापलीकडे चहाच्या टपरीवर हशा उठला. मोठा हशा. त्यामागून एक आवाज. मी तो आवाज ओळखला, पण इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

पालाच्या कडेनं बघितलं. बाकावर आमचे हे. भोवती जीपवाले, एक न्हावी वस्तरा हातात धरून, दोन शेतकरी. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं तिथेच उभं. आणि हे बोलत होते!

"...बाई दुकानात शिरली ती म्हणाली, मला जावेला द्यायला साडी हवी, आणि दुकानातली सगळ्यात भिकार साडी दाखवा. भिकार! आता दुसरं कुणी असतं तर हाकललं असतं. आमच्या मिसेस काय म्हणाल्या? बसा म्हणाल्या ताई. आणि आतून अशी साडी काढली, अशी, की उंदरानंही कुरतडून थुंकून दिलेली. आणि पदर असा उघडला..." ह्यांनी टॉवेल झटकून पदर उघडला. हुबेहूब माझा हात. मनगट शेवटी वळवायचं, ते मी सोडून जगात कुणाला येत नाही. "...असा उघडला आणि बोलायला लागल्या. सांगतो तुम्हाला, मेन रोडवरची रहदारी थांबली. अर्ध्या तासात त्या बाईनं ती साडी स्वतःला घेतली, आणि जावेला अंगावरची पैठणी उतरवून दिली!"

टपरी हलली. हे सगळं झालं होतं, पैठणी आणि रहदारी सोडून. उंदीरही नव्हता. माझ्यापेक्षा जास्त फेकत होते! आणि माझ्यापेक्षा बरी. मी पैठणीवर कधी पोचले नव्हते.

ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली असेल? वीस वर्षांपूर्वी, भाजी निवडताना, ते पेपरमागे असताना. मला वाटायचं मी पेपरला सांगतेय.

"बोलू दे त्याला," सोनीबाई माझ्या कानाशी म्हणाली. "लय बोलतो तुमचा माणूस. रोज बोलतो इथं. आमचा जीपवाला सांगत व्हता."

मी टपरीवर गेले. सगळे उठून उभे राहिले, न्हावीसुद्धा. "ह्याच का वहिनी?" एक जीपवाला म्हणाला. आमचे हे असे लाल झाले की जणू मी चोरी पकडलीय.

आम्ही स्टँडच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो. मी विचारलं. आठ दिवस, नाही, रिटायर झाल्यापासून जे आत होतं ते विचारलं. "तुम्हाला शांतता हवी होती ती माझ्यापासून ना?"

ते चपलेनं माती उकरत होते. "तुझ्यापासून? वेडी आहेस का? मला वाटायचं मी अबोल आहे. सगळे तेच म्हणायचे, तू पण चारचौघांत म्हणायचीस. मग म्हटलं असेन. डोंगरात बरं वाटेल." उकरलेली माती परत सारखी करत म्हणाले, "इथे दुसऱ्याच दिवशी सकाळी तो काशिनाथ येऊन बसला, तू त्याच्याशी बोलत होतीस तोवर ठीक होतं. तू थांबलीस की मला सुधरेना गं. घरी तू बोलत असायचीस, मी पेपर वाचायचो. इथे पेपरही नाही. म्हणून पेठला पळालो."

"रोज?"

"रोज." मग हळूच, "तुला राग आला का, साडीची गोष्ट सांगितली म्हणून?"

"उंदीर कुठून आणलात?"

"उंदीर हवाच होता तिथे," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे.

"मी चारचौघांत म्हणायचे ते, काचेमागचं..." मी म्हटलं.

"लोक हसायचे," ते म्हणाले. "मग मधेच आपलं काय सांगायचं?"

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मला त्यात काही कमी वाटलं नाही. ते मात्र दर मिनिटाला स्टँडकडे बघत होते, कुणी ओळखीचं दिसतंय का.

टेकडी

फोनची रेंज पाड्यामागच्या टेकडीवर लागते. रविवारी चढलो. गुडघ्यांनी मला जन्माच्या शिव्या दिल्या. कुलकर्णींना मीच फोन लावला. "काका, घर देता येणार नाही."

"अहो वहिनी, पडदे शिवायला टाकले!"

"मग खिडकी शोधा," मी म्हटलं. एवढं बोलले. एरवी अर्धा तास समजूत घातली असती, वर चहाला बोलावलं असतं.

हे उतरताना जवळजवळ पळत होते. "उद्या सकाळची जीप आहे. दुपारच्या जेवणाला नाशिक!"

"तुम्ही जा," मी म्हटलं.

ते थांबले. "म्हणजे?"

"मी राहते. थोडे दिवस. रथसप्तमी होऊन जाऊ दे."

"एकटी? अगं लोक म्हणतील भांडण झालं."

"म्हणू देत. तुम्ही सांगा काय ते. सांगायला येतं की तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही बाळंतपण सोडून वेगळे राहिलो नव्हतो. "तुला खरंच इथे बरं वाटतंय?" त्यांनी विचारलं. मला वाटतं तोही कधीपासून आत असलेला प्रश्न असावा. मी मान हलवली. तेवढ्यानं भागलं.

सकाळी जीपमध्ये चढताना त्यांनी चौदा सूचना दिल्या. जीपवाल्यालाही चार दिल्या. जीप वळणापलीकडे गेली तरी बोलणं ऐकू येत होतं.

मागे राहिल्यावर मी काय केलं, असं सगळे विचारतात, आणि सांगण्यासारखं काही नाही म्हटलं की कुणाला पटत नाही. झोपले. भरपूर. सोनीबाईबरोबर तुरीच्या शेंगा सोलल्या. काशिनाथ यायचा, बसायचा, मीही बसायची. एकदा तो आपण होऊन म्हणाला, "मोहर चांगला आहा औंदा." मी वर बघितलं. होता चांगला. झालं.

मीनलशी बोलायचं तर टेकडी चढावी लागायची, म्हणून बोलणं कमी व्हायचं. "आई, मग तू इंट्रोव्हर्ट निघालीस? टेस्ट परत दे ना."

मी परत दिली. त्यात प्रश्न आहे, "तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?" मी तिला म्हटलं, अगं मी एकटी कुठे होते, रोज कुणीतरी येऊन बसतं. "मग गप्पा मारतेस?" नाही. "मग तू नक्की काय आहेस?" पुण्याच्या पोरीला कसं सांगायचं? मी म्हटलं, "दमलेली आहे." ती म्हणाली, असा पर्यायच नाहीये आई.

परत

रथसप्तमीनंतर परत आले. बसमध्ये शेजारी एक बाई होती, सुकटीची पाटी घेऊन. नाशिक येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो. उतरताना तिनं माझी पिशवी हातात दिली, पाच किलो नागलीचं पीठ होतं त्यात. आमची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी दर जिन्याला थांबत, श्वास घेत चढले.

आमच्या दाराबाहेर चपला. इतक्या चपला की कोण वारलं असं वाटलं. आणि आतून हशा. कुलकर्णी वहिनींचा, वरच्या मजल्यावरच्या दोघींचा, आणखी कुणाकुणाचा, आणि त्या सगळ्यांवरून ह्यांचा आवाज. पेठच्या न्हाव्याचं काहीतरी चाललं होतं. मी बेलकडे हात नेला. आत गेले की सगळ्या म्हणतील, आल्या शैलाताई, सांगा, सांगा आता!

मी हात खाली घेतला, पिठाची पिशवी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

खालून कुलकर्णी काका आले. पडद्यांवरून अजून थोडे फुगलेले. तरी थांबले. "वहिनी! किल्ली विसरलात? बेल वाजवतो."

"नको."

"मग? आत तुमचीच वाट बघतायत. मधुकरराव किती वेळचे बोलतायत."

"बोलू देत," मी म्हटलं. "संपलं की जाते."

ते मान हलवत आपल्या दारात शिरले. आतला हशा ओसरला. मला वाटलं, झालं बहुतेक. तेवढ्यात ह्यांनी घसा साफ केला आणि पुढची गोष्ट सुरू केली. मी चपला काढल्या आणि पाय लांब केले.